मर्जची लाइन एकच, बाकीची स्क्रिप्ट थांबण्यासाठी

एकाच प्रॉडक्टची तीन-चार व्हर्जन्स वेगवेगळ्या क्लायंटकडे एकाच वेळी चालू असली की काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. जुन्या व्हर्जनवरचा क्लायंट अपग्रेडचं नाव काढत नाही, त्याच्याकडे बग निघाला की फिक्स त्याच जुन्या रिलीज ब्रँचवर (त्या व्हर्जनच्या कोडची वेगळी चालणारी शाखा) मारायचा, आणि मग तोच फिक्स पुढच्या रिलीज ब्रँचमध्ये, तिथून तिच्या पुढच्या, असा चढवत चढवत मेनपर्यंत, म्हणजे मुख्य ब्रँचपर्यंत न्यायचा. मधली एक पायरी कोणाकडून राहिली की वर्षभराने तो क्लायंट एकदाचा अपग्रेड होतो आणि मेलेला बग त्याच्यासोबत परत हजर. टेस्टर विचारते, "अरे हा आपण मागेच क्लोज केला होता ना?" आता काय सांगणार.

आमच्याकडे हे चढवायचं, म्हणजे एका ब्रँचमधले बदल दुसरीत मर्ज करायचं काम रात्री एक शेल स्क्रिप्ट (एकामागे एक कमांड चालवणारी फाइल) करते. टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाने ती उघडून बघितली आणि विचारलं, "यात मर्जची लाइन तर एकच आहे, मग बाकी एवढं काय लिहून ठेवलंय?" प्रश्न एकदम बरोबर, म्हणून ही पोस्ट. कमांड सगळ्या देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये तशाच पेस्ट करू नका म्हणजे झालं.

अशी स्क्रिप्ट लिहायला बसलं की लोकांचं सगळं लक्ष मर्ज कसा करायचा याच्याकडे असतं. अहो मर्ज गिट, म्हणजे कोडची व्हर्जन्स सांभाळणारं टूल करतं, ते त्याचं काम आहे आणि ते आपल्यापेक्षा चांगलं करतं. स्क्रिप्टचं काम एवढंच की पुढे जायचं का थांबायचं हे ठरवायचं, आणि थांबायची वेळ आली तर रेपो (सगळा कोड आणि त्याचा इतिहास) होता तसा ठेवून, कुठे आणि का थांबलो ते नीट सांगून थांबायचं. हे ज्या स्क्रिप्टला जमत नाही ती स्क्रिप्ट नसलेलीच बरी, कारण माणूस निदान कॉन्फ्लिक्ट (तीच ओळ दोन्हीकडे वेगवेगळी बदलल्याने होणारं भांडण) बघून चार शिव्या घालतो तरी, स्क्रिप्ट गपचूप पुढे जाते.

गंमत म्हणजे गिटचा मर्ज स्वतःच एकेकाळी शेल स्क्रिप्ट होता. 2005 च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्स कर्नलवाले तोवर वापरत होते त्या बिटकीपर नावाच्या अशाच टूलचं फुकट लायसन्स बंद झालं होतं. त्या काळात आतला गाभा म्हणजे सी मध्ये लिहिलेल्या छोट्या छोट्या कमांड, आणि आपण रोज वापरतो त्यातल्या बऱ्याचशा वरच्या कमांड म्हणजे त्या छोट्या कमांड एकामागे एक बांधणाऱ्या शेल स्क्रिप्ट. ‘गिट मर्ज’ सी मध्ये गेला तो 2008 मध्ये, 1.6.0 व्हर्जनला. ‘गिट पुल’ 2015 पर्यंत शेलमध्येच होता. आणि एक मर्ज तर अजूनही शेलमध्ये आहे, ऑक्टोपस, म्हणजे एका दमात दोनपेक्षा जास्त ब्रँच जोडायची स्ट्रॅटेजी. गिटच्या सोर्समध्ये ‘गिट-मर्ज-ऑक्टोपस.एसएच’ नावाची फाइल आहे, छोटीशीच आहे, चहा पिता पिता वाचून होते. ती काय करते, एकेक ब्रँच घेते, आधीच जोडलेली असेल तर सोडून देते, सरळ पुढे सरकता येत असेल तर सरकते, नाहीतर मर्ज करून बघते. एखादी अडली आणि अजून जोडायच्या ब्रँच शिल्लक असल्या तर ती हात वर करते, हे ऑक्टोपसचं काम नाही म्हणून सांगते आणि 2 हा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, 0 म्हणजे सगळं ठीक) देऊन बाहेर पडते. कोडमध्ये कुठेही हुशारी नाही. नाही म्हणायचं कधी हे मात्र तिला बरोबर माहितीये, आणि हीच फाइल मी त्या मुलाला पहिल्यांदा वाचायला दिली. (कर्नलमध्ये 2014 साली एका मर्ज कमिटला (कमिट म्हणजे बदलांची एक नोंद) 66 पालक होते, म्हणजे 66 बाजू एका दमात जोडल्या होत्या, तेव्हा हा ऑक्टोपस नाही, हा क्थुल्हू (भयकथांतला सोंडांचा राक्षस) आहे असं लिनसने ऐकवलं होतं. मर्ज मात्र घेतला.)

आता आपल्या स्क्रिप्टकडे येऊ. पहिला प्रश्न, ब्रँचची यादी कुठून आणायची. नव्वद टक्के लोक ‘गिट ब्रँच’ चालवून त्याच्या आउटपुटवर फॉर लूप लावतात, आणि इथेच पहिला खड्डा आहे. ‘गिट ब्रँच’ चालू ब्रँचच्या आधी एक चांदणी (*) छापतो, ती आपल्यासाठी, माणसाने बघावी म्हणून. पण शेलला त्या चांदणीचा अर्थ वेगळा, ती दिसली की शेल तिच्या जागी सध्याच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं मांडते. म्हणजे तुमचा लूप आता ब्रँचच्या नावांवरून नाही तर रीडमी, मेकफाइल, सोर्स असल्या नावांवरून फिरतोय. एवढंच असतं तर एरर येऊन थांबलं असतं. पण ‘गिट चेकआउट’ला ब्रँचऐवजी फाइलचं नाव दिलं तर तो ती फाइल होती तशी परत करून देतो, म्हणजे त्या फाइलमध्ये तुम्ही जे काही कमिट न करता बदललं होतं ते गेलं, आणि एक्झिट कोड शून्य, सगळं छान चाललंय. नंतर ते बदल शोधत बसा. 2019 मध्ये 2.23 ला ‘गिट स्विच’ आला तो याच गोंधळासाठी, त्याला फक्त ब्रँच कळतात, फाइलचं नाव दिलं तर तो सरळ नकार देतो. स्क्रिप्टमध्ये चेकआउट दिसला की मी तरी स्विच करून टाकतो, विषय संपला.

स्क्रिप्टसाठी यादी हवी तर ‘गिट फॉर-ईच-रेफ’ वापरायचा, तो फॉरमॅट आपण सांगू तसाच देतो, चांदणी नाही, रंग नाही, काही नाही. पण त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा, साधं सॉर्ट अक्षरांप्रमाणे लागतं, म्हणजे रिलीज 2.10 ही 2.9 च्या आधी येते. बाकी कुठे चाललं असतं, पण आपल्याकडे क्रम म्हणजेच सगळं आहे. क्रम उलटा लागला तर 2.10 मधलं सगळं, नवीन फीचर, अर्धवट फीचर, सगळं 2.9 मध्ये मर्ज होणार आणि ते जुन्या क्लायंटकडे जाणार, तेही एकही कॉन्फ्लिक्ट न येता. व्हर्जनप्रमाणे सॉर्ट लावायची सोय गिटमध्ये आहे, ‘व्हर्जन:रेफनेम’ असं द्यायचं. तरी माझं मत विचाराल तर यादी हाताने एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि ती रेपोमध्ये ठेवा. नवीन रिलीज ब्रँच काही रोज निघत नाही, आणि कोणती ब्रँच कोणाच्या आधी हे माणसाने ठरवायचं काम आहे. लिनक्स-नेक्स्टमध्ये, म्हणजे जिथे कर्नलच्या पुढच्या रिलीजसाठीची शेकडो झाडं रोज एकत्र केली जातात तिथे सुद्धा कोणती झाडं कोणत्या क्रमाने घेतली ती यादी एका साध्या फाइलमध्येच असते. त्यांना पुरतं तर आपल्याला का नाही पुरणार.

दुसरी खोड म्हणजे गिट स्क्रीनवर काय बोलतंय ते वाचून ठरवायचं. आधीच मर्ज झालेलं आहे का हे बघायला लोक मर्ज चालवतात आणि आउटपुटमध्ये ‘ऑलरेडी अप-टू-डेट’ ग्रेप करतात, म्हणजे ते शब्द शोधतात. 2017 मध्ये, 2.15 ला, गिटवाल्यांनी त्या वाक्यातल्या मधल्या आडव्या रेघा काढून टाकल्या. बस, एवढाच बदल, व्याकरणाच्या दृष्टीने बरोबरच केलं त्यांनी. पण जगभरातल्या किती स्क्रिप्टमध्ये ती रेघ धरून ग्रेप बसला असेल विचार करा. आणि मशीनवर भाषा जर्मन किंवा फ्रेंच लावलेली असली तर ते वाक्यच वेगळं येतं. माणसासाठी छापलेलं वाक्य ही काही गॅरंटी नाही, गिटवाले ते कधीही बदलू शकतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

हाच प्रश्न विचारायची नीट कमांड आहे, ‘गिट मर्ज-बेस --इज-अँसेस्टर’. अमुक कमिट तमुकच्या पोटात आधीच आहे का एवढंच विचारायचं, ती काही छापत नाही, एक्झिट कोडने उत्तर देते. 0 म्हणजे आहे, 1 म्हणजे नाही, आणि दुसरं काहीही म्हणजे गडबड, उदाहरणार्थ नावच चुकलंय, तेव्हा 128 येतो. इथे बारकाईने बघा. उत्तरं तीन आहेत आणि शेलचा इफ दोनच ओळखतो, शून्य आणि बाकीचं. त्यामुळे ‘नसेल तर मर्ज कर’ असं सरळ लिहिलं की ब्रँचचं नाव चुकलेलं असलं तरी ते ‘नाही’ मध्येच मोजलं जातं आणि स्क्रिप्ट मर्ज करायला धावते. मी कोड एका व्हेरिएबलमध्ये घेऊन केस लावतो, 0, 1 आणि उरलेलं सगळं म्हणजे थांब.

मर्जचंही तसंच. कॉन्फ्लिक्ट आला की ‘गिट मर्ज’ 1 देतो हे सगळ्यांना माहिती असतं, पण दिलेल्या नावाची ब्रँचच सापडली नाही तरीही तो 1 च देतो! म्हणजे 1 आला म्हणून "कॉन्फ्लिक्ट आहे, बघा" असा मेल टाकणारी स्क्रिप्ट एखादी डिलीट झालेली ब्रँच घेऊन रोज रात्री खोटं बोलत बसेल, आणि सकाळी कोणीतरी कॉन्फ्लिक्ट शोधत बसेल जो नाहीच. म्हणून आधी ‘गिट रेव्ह-पार्स --व्हेरिफाय’ने प्रत्येक नाव खरं आहे का बघून घ्यायचं, नावाचा हॅश (त्या कमिटचा एकमेव ओळख-नंबर) काढून ठेवायचा आणि पुढे सगळीकडे तो हॅशच वापरायचा. मर्ज फसला तर ‘मर्ज_हेड’ (मर्ज अर्धवट आहे याची गिटची खूण) तयार झालाय का ते बघायचं, असेल तरच तो खरा कॉन्फ्लिक्ट. आणि कुठल्या फाइलींमध्ये आहे ते ‘गिट डिफ --नेम-ओन्ली --डिफ-फिल्टर=यू’ सांगतो, ती यादी मेलमध्ये टाकली की सकाळी येणाऱ्याचं अर्धं काम झालं.

बरं हे सगळं एक्झिट कोडवर चाललंय म्हटल्यावर तो कोड मधे कुठे हरवता कामा नये, आणि शेलमध्ये तो हरवायच्या जागा भरपूर. सगळ्यात नेहमीची म्हणजे ‘टी’ ही कमांड. लॉग स्क्रीनवरही दिसावा आणि फाइलमध्येही जावा म्हणून मर्जचं आउटपुट पाइप करून ‘टी’ला द्यायचं, आणि पाइपचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा, म्हणजे टीचा, आणि टीला मर्जचं काय पडलंय, तिने फाइल लिहिली, ती खूश, 0. कॉन्फ्लिक्टने भरलेलं फोल्डर तसंच, आणि स्क्रिप्ट पुढच्या ब्रँचवर. बॅश नावाच्या शेलमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ लावलं की हे सुटतं. मी तर टीच काढली, रात्री दोन वाजता स्क्रीन बघतंय कोण, सरळ फाइलमध्ये वळवा.

‘सेट -ई’ वर पण फार विसंबू नका. लोकांना वाटतं वर एकदा ते लिहिलं की कुठेही काहीही फसलं तरी स्क्रिप्ट थांबणार. पण एखादं फंक्शन तुम्ही इफच्या कंडिशनमध्ये बोलावलं, किंवा त्याच्यापुढे ‘किंवा’च्या दोन उभ्या रेघा लावल्या, तर त्या फंक्शनच्या आत ‘सेट -ई’ पूर्ण झोपलेला असतो, नुसत्या शेवटच्या लाइनसाठी नाही, आतल्या सगळ्या लाइनींसाठी. म्हणजे आत फेच (सर्व्हरवरचं नवीन आणणं) फसला, स्विच फसला, तरी तो खाली खाली जात राहतो आणि जी ब्रँच उघडी असेल तिच्यावर मर्ज मारतो. तसंच ‘लोकल’ (फंक्शनपुरतं व्हेरिएबल) लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट घेतलं की कोड ‘लोकल’चा येतो, कमांडचा नाही. हे असं का आहे याचं इतिहासात काहीतरी कारण असेल, मला त्यात पडायचं नाही, पण शेलचेक नावाचं टूल आहे ते यातलं बरंचसं पकडून देतं, ते चालवल्याशिवाय कोणाची स्क्रिप्ट रिव्ह्यूला घेऊच नये असं माझं मत आहे.

आता मर्ज करायचा कुठे. स्वतःच्या कामाच्या फोल्डरमध्ये तर नाहीच. ‘गिट वर्कट्री’ 2015 पासून आहे, 2.5 ला आली, एकाच रेपोला दुसरं फोल्डर जोडून तिथे वेगळी ब्रँच उघडता येते, पूर्ण क्लोन (रेपोची दुसरी प्रत) परत काढायला नको. स्क्रिप्ट टेम्पमध्ये एक वर्कट्री बनवते, तीही ‘डिटॅच’ करून, म्हणजे कुठल्याच लोकल ब्रँचवर नाही, थेट ओरिजिनवरच्या (सर्व्हरवरच्या रेपोतल्या) कमिटवर. याचा फायदा मोठा आहे. लोकल ब्रँच नाहीच म्हटल्यावर ती जुनी राहिलेली असायचा प्रश्न नाही, आधी पुल मारायचा प्रश्न नाही, आणि मधे काही बिनसलं तर मागे काही उरत नाही, फोल्डर उडवलं की संपलं. ते उडवायचं काम ‘ट्रॅप’वर (ठरलेल्या क्षणी कमांड चालवायची शेलची सोय), एक्झिटला बांधलेलं, मग स्क्रिप्ट नीट संपो नाहीतर कोणी कंट्रोल-सी मारो.

नुसतं विचारायचं असेल, की मर्ज केला तर जमेल का, तर आता वर्कट्री पण लागत नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 2.38 ला ‘गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री’ आला, तो सगळा मर्ज हवेतल्या हवेत करतो, एकाही फाइलला हात न लावता, जमला तर 0, कॉन्फ्लिक्ट तर 1, बाकी काही आलं तर एरर. याच्या मागे ‘ऑर्ट’ नावाचं नवीन मर्ज इंजिन आहे, ते 2.34 पासून डिफॉल्ट झालंय. आमच्याकडे दुपारी हे नुसतं विचारून बघणारं एक छोटं रूप चालतं, म्हणजे ज्याने फिक्स टाकला त्याला तो घरी जायच्या आधीच कळतं की तुझा फिक्स वरच्या ब्रँचमध्ये अडकणारे. रात्री दोनच्या मेलपेक्षा दुपारी चारचा मेल बरा, माणूस जागेवर असतो.

कॉन्फ्लिक्ट आला की काय करायचं? थांबायचं. इथे खूप जण ‘-एक्स थेअर्स’ किंवा ‘-एक्स अवर्स’ लावून मोकळे होतात, भांडण आलं की अमुक बाजूचं घे. माझ्या मते हे स्क्रिप्टमध्ये असणं म्हणजे रोज रात्री न बघता कोणाच्या तरी कोडवर पाणी सोडणं आहे. आणि ‘-एस अवर्स’ तर त्याहून वेगळं, ते भांडणापुरतं नाही, समोरच्या ब्रँचमधलं काहीच घेत नाही, फक्त मर्ज झाला अशी नोंद करतं. त्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे, जुन्या ब्रँचवरचा एखादा कमिट वर चढवायचाच नाहीये आणि गिटला तसं कायमचं सांगून ठेवायचंय. ते माणसाने हाताने करावं.

पण एक फाइल अशी आहे जी प्रत्येक वेळी भांडणार म्हणजे भांडणारच, व्हर्जन नंबरची फाइल. जुन्या ब्रँचवर 2.9.4 चं 2.9.5 केलं, पुढच्या ब्रँचवर 2.10.1 आहे, दोघांनी तीच ओळ बदललीये, रोज कॉन्फ्लिक्ट. याच्यावरचा उपाय म्हणजे मर्ज ड्रायव्हर. ‘गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये त्या फाइलपुढे ‘मर्ज=अवर्स’ लिहायचं आणि कॉन्फिगमध्ये ‘अवर्स’ नावाच्या ड्रायव्हरला कमांड द्यायची ‘ट्रू’. ट्रू म्हणजे काहीही न करता 0 देणारी ती कमांड. ड्रायव्हरला गिट तीन फाइली देतं, मूळची, आपली आणि त्यांची, आणि उत्तर आपल्याच फाइलवर लिहून ठेव म्हणून सांगतं. ट्रू काहीच लिहीत नाही, म्हणजे आपली फाइल आहे तशी राहिली, 0 दिला म्हणजे झालं, मिटलं भांडण. इतकं सोपं, आणि नेटवर जिथे तिथे हे असंच सांगितलेलं असतं.

याच्यात दोन मेखा आहेत त्या कोणी सांगत नाही. एक, कॉन्फिग क्लोनबरोबर येत नाही. अॅट्रिब्यूट्सची फाइल रेपोत आहे, ती येते, पण ड्रायव्हर कोण हे ज्याच्या त्याच्या मशीनवर. सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारं मशीन) ताजा क्लोन निघाला की तिथे ‘अवर्स’ नावाचा ड्रायव्हरच नाही, गिट काही तक्रार करत नाही, गुपचूप नेहमीचा मर्ज करतं. म्हणून स्क्रिप्टने पहिल्या काही ओळींतच ते कॉन्फिग स्वतः लावून घ्यायचं. दुसरी मेख जास्त बेकार आहे. ड्रायव्हरला गिट बोलावतं कधी, दोन्ही बाजूंनी ती फाइल बदललेली असेल तेव्हाच. पुढच्या ब्रँचवर मूळपासून व्हर्जन फाइलला कोणी हातच लावला नसेल आणि फक्त जुन्या ब्रँचवर ती बदलली असेल, तर भांडण नाहीच, गिट सरळ जुन्या ब्रँचची फाइल उचलतं, ड्रायव्हरला विचारतही नाही. नवीन रिलीज ब्रँच काढल्या काढल्या बरोबर हीच परिस्थिती असते. त्यामुळे ब्रँच काढली की पहिला कमिट व्हर्जन नंबर बदलण्याचा, हा नियम केलाय, आणि स्क्रिप्ट मर्ज झाल्यावर व्हर्जनची ओळ मर्जच्या आधीसारखीच आहे का ते बघते, नसेल तर थांबते.

बाकीचे खरे कॉन्फ्लिक्ट माणूसच सोडवतो, पण तोच कॉन्फ्लिक्ट परत परत सोडवायला लागू नये म्हणून ‘रेरेरे’ आहे. नाव विचित्र आहे पण काम चोख. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट आणि त्याचं उत्तर तो लक्षात ठेवतो, तसाच परत आला की तेच उत्तर लावतो. गिटचे मेंटेनर जुनिओ हमानो 2005 च्या जुलैपासून ते काम बघतायत, त्यांची रोजची पद्धत सुद्धा हीच आहे, पाहणीत असलेले सगळे टॉपिक (एकेका बदलाच्या ब्रँच) मास्टरवर एकेक करून परत परत मर्ज करून ‘सीन’ नावाची ब्रँच उभी करायची, आणि ते करणारी ‘रीइंटिग्रेट’ नावाची स्क्रिप्ट, हो, शेलचीच. रेरेरे नसता तर ते रोज तेच तेच कॉन्फ्लिक्ट सोडवत बसले असते.

स्क्रिप्टमध्ये रेरेरे वापरताना एक कळून घ्या, त्याने उत्तर लावलं तरी मर्ज 1 च देतो आणि कमिट होत नाही. मुद्दामच तसं आहे, एकदा बघून घ्या म्हणून. ‘रेरेरे.ऑटोअपडेट’ लावलं की तो फाइल स्टेजही करतो (कमिटसाठी तयार ठेवतो), पण कमिट तरी नाहीच. मग आम्ही काय करतो, मर्ज फसला की ‘गिट एलएस-फाइल्स -यू’ बघायचं, ते रिकामं असेल म्हणजे सगळे कॉन्फ्लिक्ट आठवणीतून सुटलेत, तर ‘गिट डिफ --कॅश्ड --चेक’ लावून कुठे कॉन्फ्लिक्टच्या खुणा (मार्कर) राहिल्या नाहीत ना बघायचं आणि मग ‘--नो-एडिट’ देऊन कमिट. आठवण 60 दिवस टिकते, नंतर साफसफाईत जाते, हवं तर वाढवता येतं. सीआयच्या ताज्या क्लोनमध्ये ती नसतेच, पण जुन्या मर्ज कमिटवरून शिकवायची ‘रेरेरे-ट्रेन’ नावाची स्क्रिप्ट गिटच्या काँट्रिब फोल्डरमध्ये आहे.

एवढं करूनही एक राहतंच. मर्ज स्वच्छ झाला, कॉन्फ्लिक्ट नाही, आणि बिल्ड फुटला, म्हणजे कोडमधून प्रोग्राम तयारच होईना. जुन्या ब्रँचवरच्या फिक्सने एक फंक्शन वापरलं, पुढच्या ब्रँचवर त्या फंक्शनचं नाव कोणीतरी बदललंय, दोन्ही बदल वेगवेगळ्या फाइलींत, गिटच्या दृष्टीने भांडण कुठेच नाही. गिट ओळी बघतं, अर्थ नाही बघत. लिनक्स-नेक्स्ट 2008 मध्ये स्टीफन रॉथवेलने सुरू केलं तेव्हापासून तिथे झाडं जोडता जोडता मधे मधे बिल्ड करून बघतात, सगळं जोडून शेवटी एकदा नाही, कारण शेवटी फुटलं तर कोणामुळे फुटलं ते शोधत बसावं लागतं. आमच्या स्क्रिप्टमध्येही प्रत्येक पायरीला बिल्ड आणि छोटे टेस्ट, हे पास झाले तरच पुढची ब्रँच. वेळ लागतो, लागू दे, रात्र मोठी आहे. जुनिओंच्या स्क्रिप्टमध्ये तर अशा जागांसाठी ‘मर्ज-फिक्स’ म्हणून वेगळे रेफ (कमिटकडे बोट दाखवणारी नावं) ठेवलेले असतात, अमुक टॉपिक मर्ज झाला की हा छोटा कमिट वर लावून मर्जमध्येच मिसळायचा. ते आमच्याकडे अजून आणलं नाहीये पण डोक्यात आहे.

मशीनचं थोडं. मॅकवर जो बॅश येतो तो अजून 3.2 आहे, लायसन्सच्या कारणाने अॅपलने पुढचा घेतलाच नाही, त्यामुळे बॅश 4 मधलं ‘मॅपफाइल’ वगैरे तिथे चालत नाही. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे 2006 पासून डॅश, बॅश नाही, तेव्हा वर पहिल्या ओळीत बॅश हवा असेल तर बॅशच लिहा. विंडोजवाल्याने फाइल सेव्ह केली की ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (एक न दिसणारं अक्षर) चिकटतो आणि स्क्रिप्ट विचित्र एरर देते, त्यावर अॅट्रिब्यूट्समध्ये ‘ईओएल=एलएफ’. आणि 2012 पासून मर्ज करताना गिट मेसेजसाठी एडिटर उघडतं, क्रॉनवर (ठरलेल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) नाही उघडत पण कोणी हाताने स्क्रिप्ट चालवली की ती एडिटरमध्ये अडकून बसते, म्हणून मर्जलाही ‘--नो-एडिट’ लावलेलाच बरा.

शेवटचं पुश. सगळ्या पायऱ्या वर्कट्रीमध्ये झाल्या, प्रत्येक ब्रँचचा नवीन हॅश व्हेरिएबलमध्ये आहे, अजून सर्व्हरवर काहीही गेलेलं नाही. आता एकेक ब्रँच पुश करायची नाही. मधलीच नाकारली गेली तर अर्ध्या ब्रँच पुढे आणि अर्ध्या मागे असं त्रांगडं होतं. ‘गिट पुश --अॅटॉमिक’ला सगळे हॅश आणि त्यांच्या ब्रँच एकदम द्यायच्या, सर्व्हर एकतर सगळ्या घेतो नाहीतर एकही नाही. रात्री कोणीतरी जागं राहून मधेच काही पुश केलेलं असेल तर नकार येतो, आणि फोर्स लावायचा नाही, म्हणजे सर्व्हरवरचं खोडून आपलं बसवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. स्क्रिप्ट परत फेच करते, सगळी शिडी पुन्हा पहिल्यापासून चढते, रेरेरेमुळे आधीचे कॉन्फ्लिक्ट परत आडवे येत नाहीत. हे एकदाच. दुसऱ्यांदाही नकार आला तर ती कोणती ब्रँच हलली तेवढं मेलमध्ये लिहून 1 देऊन बाहेर पडते, बाकी सकाळी आल्यावर बघू.